मनातलं हाताला सांगू द्या



दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. एम.एस.डब्ल्यू. करून मी नुकतीच या कामाला लागले होते. एका गटाची बैठक चालू होती. बचत गोळा झाली, कर्जाच्या मागण्या वाचून झाल्या, इतिवृत्तावर सह्या-अंगठे झाले. शेवटी मी विचारलं, "बाकी सगळं बरं ना?" सगळ्या एका सुरात म्हणाल्या, "बरंय की!" बैठक उठली. बाहेर चप्पल घालताना एक मावशी माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मॅडम, रातच्याला झोपच लागत न्हाई. डॉक्टरला सांगावं तर सांगू काय? दुखत तर काहीच न्हाई."

तुमच्याही गटात असं होत असेल. बैठकीत 'बरंय' आणि चप्पल घालताना खरं.

आपल्या दशसूत्रीत आरोग्य हे एक सूत्र आहे. त्यात आपण हिमोग्लोबिन, परसबाग, शौचालय, पाळीतली स्वच्छता या सगळ्यांवर बोलतो. मनाचं आरोग्यही त्याच सूत्रात येतं. पण नोंदवहीत त्याला रकाना नाही, म्हणून ते दर वेळी राहून जातं. या अंकातला पाठ त्यासाठीच आहे. बोलून जे सांगता येत नाही ते चित्रातून, मातीतून, सुईदोऱ्यातून कसं बाहेर काढायचं, ते गटात कसं घ्यायचं आणि त्यात कुठे सांभाळायचं, हे आपण पाहू. त्या मावशींची पुढची गोष्टही सांगणार आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, आणि ओळख पटेल अशा खुणा बदलल्या आहेत.

आर्ट थेरपी म्हणजे काय?

कलेच्या मदतीने मनावर उपचार करण्याच्या पद्धतीला 'आर्ट थेरपी' म्हणतात. मराठीत कला-उपचार. हे नाव दिलं एड्रियन हिल या इंग्रज चित्रकाराने. १९३८ साली त्यांना क्षयरोग झाला. तेव्हा क्षयावर आजच्यासारख्या गोळ्या नव्हत्या. महिनोन् महिने आरोग्यधामात पडून राहायचं, एवढाच उपाय. हिल अंथरुणात पडल्या पडल्या समोर दिसेल ते कागदावर काढू लागले. त्यांच्या लक्षात आलं, की त्यामुळे मन ताळ्यावर राहतंय. पुढे ते इतर रुग्णांनाही चित्रं काढायला लावू लागले, त्यात युद्धातून जखमी होऊन आलेले सैनिकही होते. १९४२ साली या कामाला त्यांनी 'आर्ट थेरपी' म्हटलं.

आता एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आज आर्ट थेरपी हा शिकून करायचा व्यवसाय आहे. त्याचं रीतसर शिक्षण घेतलेले थेरपिस्ट असतात. मी थेरपिस्ट नाही, तुमची सीआरपी ताईही नाही. आपण गटात करणार ते साधं काम आहे: कलेचा आधार घेऊन मन हलकं करणं आणि एकमेकींचं ऐकणं. घरात कुणाला ताप आला की आपण ओल्या कपड्याच्या पट्ट्या ठेवतो. तरी डॉक्टर लागला तर लागतोच. हेही तसंच समजा.

हात चालू लागला की मनात काय होतं?

पहिली गोष्ट. काळजी लागलेलं मन घाण्याच्या बैलासारखं फिरतं. तेच तेच, गोल गोल. 'पोरीचं कसं व्हायचं, हप्ता कसा भरायचा, ते असं का बोलले.' हात एखाद्या बारीक कामात गुंतले की मनाला थोडा वेळ हातापाशी यावं लागतं. टाका सरळ यायला हवा, ठिपका रेषेत बसायला हवा. तेवढा वेळ घाणा थांबतो.

दुसरी गोष्ट. मनात असलेलं ओझं दिसत नाही, म्हणून ते केवढं आहे तेही कळत नाही. कागदावर काढलं, कापडावर शिवलं की ते आपल्यासमोर येतं. डोक्यावरचा भारा खाली ठेवून एकदा बघितल्यासारखं होतं. भारा तेवढाच असतो, पण मान मोकळी होते.

तिसरी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात मोठी वाटते. आपला दिवस कुणाच्या हातात असतो? पाणी कधी येईल, लाईट कधी जाईल, शाळा, सासूबाईंचं जेवण, गुरांची धार, मुकादमाची वेळ. कागद समोर आला की लाल घ्यायचा की निळा, हे फक्त आपण ठरवतो. लहानसा निर्णय असतो, पण पूर्ण आपला असतो.

याचे काही पुरावेही आहेत. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठात गिरिजा कैमल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९ जणांना ४५ मिनिटं मनाला येईल ते करायला दिलं: माती, रंगीत पेनं, कागदाची चिकटकामं. २०१६ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. ताण आला की आपल्या शरीरात कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक वाढतं. ते त्यांनी लाळ तपासून आधी आणि नंतर मोजलं. सुमारे ७५ टक्के लोकांमध्ये ते कमी झालं होतं. आणि ज्यांना चित्रकला येत होती त्यांनाच जास्त फायदा झाला, असं काही दिसलं नाही. म्हणजे 'मला चित्र येत नाही', 'मी शाळेची पायरी चढले नाही' हे कारण इथे चालत नाही! अर्थात अभ्यास लहान आहे, आणि उरलेल्या काही जणांचं कॉर्टिसॉल कमी न होता वाढलंही. कला सगळ्यांना सारखीच लागू पडते असं नाही, हेही त्यातून शिकायचं.

तसं बघितलं तर आपल्या आज्या हे करतच होत्या. जात्यावर बसून पहाटे ओवी म्हणताना माहेरची आठवण, सासरचा जाच, लेकराचं कौतुक, सगळं त्या दळणात बाहेर यायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ या अभ्यासकांनी गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या आहेत. एक लाख! एवढं बोलायचं साठलं होतं. आता पिठाची गिरणी आली, पाठीचे कष्ट वाचले, ते चांगलंच झालं. पण दोघी समोरासमोर बसून मन मोकळं करायची जागा मात्र गेली. ती जागा आता गटाला द्यावी लागेल.

गोणपाटावरची शिलाई

एक लांबच्या देशातली गोष्ट सांगते. तुम्हाला ती लांबची वाटणार नाही.

दक्षिण अमेरिकेत चिली नावाचा देश आहे. ११ सप्टेंबर १९७३ रोजी तिथे लष्कराने सत्ता बळकावली. हजारो लोकांना पकडून नेलं. त्यातले कितीतरी परत आलेच नाहीत. जिवंत आहेत की नाहीत, तेही कुणी सांगेना. त्यांच्या आया, बायका, बहिणी तुरुंगाच्या दारात, सरकारी कार्यालयांत खेटे घालायच्या. तिथेच त्यांची एकमेकींशी ओळख झाली. उघड बोलायची सोय नव्हती. घरातला कमावता माणूस गेल्याने चूल कशी पेटवायची, हाही प्रश्न होता.

१९७४ पासून राजधानी सँटियागोमध्ये चर्चच्या आधाराने या बायका एकत्र बसून शिवू लागल्या. खाली गोणपाट किंवा जाडंभरडं कापड, त्यावर चिंध्यांचे तुकडे. चिंध्यांची घरं, चिंध्यांची माणसं, मागे डोंगर. कुणी तुरुंगाचं दार शिवलं, कुणी जेवायला बसलेलं घर शिवलं आणि त्यात एक जागा रिकामी ठेवली. काहींनी तर हरवलेल्या माणसाचेच कपडे कापून त्यात लावले. या कामाला तिथे 'आर्पिएरा' म्हणतात. शब्दाचा अर्थच गोणपाट. हे तुकडे परदेशात विकले जाऊ लागले. त्यातून घरखर्चाला हातभार लागला, आणि देशात काय चाललंय ते जगाला कळलं.

बहुतेकींची माणसं परत आली नाहीत. शिवणाने ती येणारही नव्हती. पण जी बाई घरात एकटी भिंतीकडे बघत बसली असती, ती दहा जणींत बसून टाके घालत होती. शेजारचीच्या कापडावर काय आहे ते बघितलं की तिला कळायचं, हे फक्त माझ्यावरच आलेलं नाही.

आपली गोधडी आठवा. आजीचं लुगडं, पोराची सदऱ्याची बाही, लग्नातल्या साडीचा काठ. गोधडी शिवताना आपणही एकेका तुकड्यापाशी थांबतोच ना?

माझी चूक

आता त्या मावशींची गोष्ट. त्यांचं बोलणं ऐकून मला वाटलं, आपण कॉलेजात शिकलेलं वापरू. पुढच्या बैठकीला मी पाठकोरे कागद आणि तेलखडू घेऊन गेले. "आपलं घर काढा," म्हटलं. आधी सगळ्या हसल्या, मग एकेक करून वाकल्या. मावशींनी घर काढलं. छप्पर, भिंती, बाजूला झाड. कोपऱ्यात एक बारीकशी रेघ वळत वळत कागदाबाहेर गेलेली. घराला दार मात्र नव्हतं.

मला एकदम वाटलं, सापडलं! आणि सगळ्यांसमोर मी बोलून गेले, "मावशी, घराला दारच नाही. म्हणजे तुम्हाला घरात कोंडल्यासारखं होतं, हो ना?"

खोलीत शांतता झाली. सगळ्या त्यांच्याकडे बघायला लागल्या. त्यांची जाऊ त्याच गटात होती. मावशींनी कागदाची घडी केली आणि कमरेला खोचली. संध्याकाळपर्यंत 'घरात कोंडतात म्हणे हिला' ही गोष्ट घरी पोचली. पुढच्या दोन बैठकांना त्यांची बचत जावेच्या हातून आली. त्या आल्या नाहीत.

शेवटी मी त्यांच्या घरी गेले. पुढून जाऊन बघते, तर पुढच्या भिंतीला खरंच दार नव्हतं. मावशी परसातून हाक मारत होत्या. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अगं पोरी, पुढची भिंत पावसात पडली. बांधली तवा पैशे कमी पडले, दार बशिवलंच न्हाई. तवापासनं परसदारानंच येणं-जाणं हाय आमचं. जसं हाय तसं काढलं म्या."

मी मान खाली घालून माफी मागितली. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मला त्या रेघेचं सांगायचं होतं. तो आमचा रस्ता. त्याच रस्त्यानं पोरगं गेलं. बापाशी भांडून. दीड वर्सं झालं, फोन न्हाई."

तायांनो, मी दारात अडकले आणि रस्ता बघितलाच नाही. त्यांनी एवढ्या दिवसांचं दुःख माझ्यासमोर काढून ठेवलं होतं. मी एक प्रश्न विचारून थांबले असते, तर त्यांनी त्याच दिवशी सांगितलं असतं. मी अर्थ सांगितला, आणि त्यांचं तोंड दोन महिने बंद केलं.

या पाठात एकच नियम पाठ करायचा असेल तर हा करा: चित्राचा अर्थ आपण सांगायचा नाही. जिने काढलं तिला विचारायचं. ती सांगेल तेवढंच ऐकायचं. काळा रंग म्हणजे दुःख, लहान माणूस म्हणजे भीती, असं काही ठरलेलं नसतं. कधी कधी डब्यात काळाच खडू उरलेला असतो.

गटात कसं घ्यायचं? ४५ मिनिटांचा पाठ

*लागणारं सामान:* पाठकोरे कागद (जुन्या कॅलेंडरची मागची बाजू उत्तम), तेलखडू किंवा मुलांचे उरलेले रंग. दुसऱ्या पाठासाठी घरातल्या चिंध्या, सुया, दोरा. गटाच्या पैशातून मोठा खर्च करायची गरज नाही.

*वेळ:* बचत आणि कर्जाचं काम उरकल्यावर. लहान पोरं कुणीतरी बाहेर सांभाळावीत. पुरुष माणूस, पाहुणे, अधिकारी कुणीही आत नको. शक्य असेल तर दार लोटून घ्या.

१. आधी ठरवून घ्या (५ मिनिटं). मोठ्याने सगळ्यांनी म्हणायचं: इथलं इथेच राहील. आपल्या गटात जावा असतात, सासू-सुना असतात, भावकी असते. म्हणून हे पुन्हा पुन्हा म्हणायला हवं. ज्यांना करायचं नाही त्यांनी नुसतं बसलं तरी चालेल. जबरदस्ती नाही.

२. हात मोकळा करा (५ मिनिटं). डोळे मिटून, श्वास घेताना रेघ वर आणि सोडताना रेघ खाली, असं कागदभर करा. गिरगोटा होईल. होऊ द्या. यामुळे 'चांगलं आलं पाहिजे' ही भीती जाते.

३. माझा आठवडा (१५ मिनिटं). कागदावर सात घरं पाडा. सोमवार ते रविवार. प्रत्येक घरात त्या दिवशी जसं वाटलं तसा रंग, रेघ, ठिपके, काहीही. माणसं, झाडं काढायलाच हवीत असं नाही. या वेळात बोलणं कमी. एकमेकींच्या कागदात डोकावायचं नाही.

४. सांगायचं असेल तर (१५ मिनिटं). दोघी-दोघींच्या जोड्या करा. जोडी आपली आपण निवडायची. सासू-सून, जावा-जावा एका जोडीत नकोत. एक सांगेल, दुसरी ऐकेल. मग उलट. सगळ्यांसमोर सांगायची सक्ती नाही.

५. शेवट (५ मिनिटं). सगळ्यांनी पाय जमिनीला टेकवून बसा. आता खोलीत काय काय दिसतंय, कसला आवाज येतोय ते एकेकीने सांगा. मन परत जागेवर येतं. पाणी प्या, मग उठा. आत काहीतरी ढवळलेलं असताना तसंच घरी पाठवू नका.

*कागदाचं काय करायचं?* जिचा तिने ठरवायचं. ठेवायचा, फाडायचा, चुलीत घालायचा. घरी न्यायची भीती वाटत असेल तर गटाच्या पेटीत बंद पाकिटात ठेवा. फोटो काढायचा नाही. सीआरपी तायांना खास सांगणं: अहवालाला फोटो लागतो हे मला माहीत आहे. हजेरीचा काढा, खडूंच्या डब्याचा काढा. कुणाचं चित्र व्हॉट्सॲपवर जाता कामा नये. आणि नंबर, बक्षीस, 'सगळ्यात सुंदर कुणाचं' हे नको. रांगोळी स्पर्धा आपण हळदी-कुंकवाला घेऊच की. ते वेगळं, हे वेगळं.

दुसरा पाठ: चिंध्यांची चौकट

महिन्याभराने हा घ्या. प्रत्येकीने घरून एखाद्या जुन्या कपड्याचा वीतभर तुकडा आणायचा, ज्याच्याशी काही आठवण जोडलेली आहे. त्यावर धावदोऱ्याने काहीही शिवायचं. नुसते टाके घातले तरी चालतील. शिवताना गप्पा होतील, त्या होऊ द्या. सुईकडे नजर असताना कठीण गोष्ट बोलणं सोपं जातं, कारण समोरचीच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. सगळे तुकडे जोडून गटाची एक गोधडी करता येईल. एखादीला तुकडा द्यायचा नसेल तर तिची जागा रिकामी ठेवून शिवा. तिला वाटेल तेव्हा ती भरेल.

ऐकणारीने काय बोलावं?

हे विचारा:
- "याच्याबद्दल काही सांगावंसं वाटतंय का?"
- "हे काढताना कसं वाटत होतं?"
- "इथे अजून काही असायला हवं होतं का?"

हे टाळा:
- "हे असं का काढलंस?" ('का' विचारलं की माणूस जाब दिल्यासारखा बोलतो.)
- "त्यात काय एवढं, माझं ऐक…" (तिची पाळी आहे, आपली नंतर.)
- "सोड गं, विसरून जा." (विसरता आलं असतं तर तिने काढलं नसतं.)
- "किती छान काढलंस!" (हे चांगल्या मनाने म्हणतो, पण त्याने गोष्ट चित्राच्या सुंदरपणावर जाते. "तू वेळ दिलास, मला दाखवलंस, बरं वाटलं," एवढं म्हणा.)

कुणी रडलं तर घाबरू नका. "रडू नको" म्हणू नका. शेजारी बसा, पाणी द्या, तिला चालत असेल तर हात धरा. तिला थांबायचं असेल तर खडू खाली ठेवू द्या.

घरच्या घरी, दहा मिनिटांत

सकाळी दारात रांगोळी काढतोच. आठवड्यातून एक दिवस ती आपल्यासाठी काढा. ठिपके मोजत, सावकाश, कुणाच्या रांगोळीशी बरोबरी न करता. माती मळायला आवडत असेल तर पोळ्याचे बैल करतो तशी मूठभर माती घ्या आणि मनाला येईल तो आकार द्या. नाही आवडला तर मोडा. मोडण्यातही मोकळं वाटतं. शाळकरी मुलं घरात असतील तर त्यांनाही सोबत घ्या. परीक्षेच्या दिवसांत त्यांनाही याची गरज असते.

कला कुठे पुरत नाही

हे स्पष्ट सांगायला हवं. रांगोळीने हप्ता फिटत नाही. चित्राने मारहाण थांबत नाही. दुःखाचं कारण बाहेर असेल तर त्याचा बंदोबस्त बाहेरच करावा लागतो. कर्जाचा प्रश्न गटात मांडा. घरात मारहाण होत असेल तर महिला हेल्पलाइन १८१ आहे, तातडीला ११२ आहे.

आणि काही वेळा मनाला उपचारच लागतात. पुढीलपैकी काही दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर वाट बघू नका:
- झोप न लागणं किंवा पहाटे लवकर जाग येऊन काळजी सुरू होणं
- भूक मरणं, कामात लक्ष न लागणं, कशातच गोडी न वाटणं
- सारखं रडू येणं, किंवा रडूसुद्धा न येणं
- छातीत धडधड, अंगदुखी, आणि तपासणीत काहीच न निघणं
- बाळंतपणानंतर बाळाकडे बघावंसं न वाटणं

'टेली-मानस' ही सरकारची मोफत फोनसेवा आहे. नंबर १४४१६. चोवीस तास चालू, मराठीत बोलता येतं. आशाताईला विचारा, ग्रामीण रुग्णालयात किंवा जिल्हा रुग्णालयात जा. हे वेडाचं औषध नाही. रक्तदाबाला गोळी लागते, तशी कधी मनालाही लागते.

एखादी ताई "आता जगून काय करू" असं म्हणाली, किंवा तिच्या चित्राबद्दल सांगताना मरणाचं बोलली, तर विषय बदलू नका. सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करायचं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. उलट तिला वाटतं, कुणीतरी ऐकतंय. तिला एकटीला सोडू नका. घरातलं फवारणीचं औषध तिच्या हाती लागणार नाही असं ठेवायला विश्वासातल्या माणसाला सांगा. लगेच १४४१६ ला फोन लावा किंवा दवाखान्यात न्या. 'इथलं इथेच' हा नियम या एका वेळी बाजूला ठेवायचा. जीव आधी.

मावशींचं पुढे काय झालं?

त्या परत आल्या. मी गटासमोर माझी चूक कबूल केली, तेव्हा त्या नुसत्या हसल्या. दुसऱ्या पाठाला त्यांनी मुलाच्या शाळेच्या शर्टाचा खिसा आणला आणि तो मधोमध शिवला. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा गटाच्या अध्यक्ष ताईंना झोपेचं सगळं सांगितलं. ताई त्यांना जिल्हा रुग्णालयात घेऊन गेल्या. डॉक्टरांशी बोलणं झालं, काही महिने गोळ्या चालल्या. आता झोप लागते. जेवण जातं.

मुलाचा फोन? अजून नाही आला. पण बैठकीत 'बाकी बरं ना?' असं विचारलं, की मावशी आता 'बरंय की' म्हणत नाहीत. म्हणतात, "आजचा दिस बराय. परवाचा न्हवता."

बैठकीत चर्चेसाठी

१. आपल्या गटात 'बरंय' म्हणणारी पण बरी नसलेली कुणी आहे का? (नाव घ्यायचं नाही. मनात ठेवायचं आणि तिच्याकडे एकदा जायचं.)
२. आपल्या आई-आजीचं मन मोकळं करायचं साधन काय होतं? आपलं काय आहे?
३. 'इथलं इथेच' हा नियम आपल्या गटात पाळता येईल का? अडचण कुठे येईल?
४. ४५ मिनिटांचा पाठ कोणत्या बैठकीत घ्यायचा? तारीख आजच ठरवा.

पाठ झाला की इतिवृत्तात कुणी काय काढलं, कोण रडलं, यातलं काही लिहू नका. आरोग्य सूत्राखाली एकच ओळ लिहा: 'आज ४५ मिनिटं मनासाठी दिली.' तेवढी नोंद मला पुरे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक